शत्रू समोर नव्हता, तरी 26 गेले

युद्धातलं मरण म्हटलं की आपल्याला आघाडी आठवते. आज मात्र ऑस्ट्रेलियातल्या वागा वागाजवळच्या कपूका छावणीत जाऊया.

21 मे 1945. युरोपातलं युद्ध संपलेलं, जपानशी चालूच. जमिनीखालच्या एका खोलीत सॅपर, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलातले जवान, स्फोटकं हाताळायला शिकत होते. अचानक स्फोट झाला. 26 जण गेले. दोघे तर शिकवणारेच. आतला एकच वाचला. नेमकं कारण शेवटपर्यंत कळलं नाही. अंत्ययात्रेला हजारो लोक रस्त्यावर उभे होते.

यांच्यावर शत्रूने एक गोळीही झाडली नाही. म्हणून ते कमी शहीद? मला नाही वाटत. सैनिकाचा धोका शिकण्यापासूनच सुरू होतो. ऑस्ट्रेलियन लष्कराचे नवे रिक्रूट आजही कपूकातच घडतात.