महोत्सवाचे नाव आणि नावाचा अर्थ : सॅन फ्रान्सिस्को येथील तीन वाद

संस्थेचा इतिहास लिहिताना ठराव, पत्रव्यवहार व जमाखर्च ही साधने अभ्यासक साहजिकच तपासतो. संस्थेचे नाव हेही असेच एक साधन आहे, याकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. समलिंगी व तत्सम समाजगटांच्या चित्रपटांचा जो महोत्सव सॅन फ्रान्सिस्को येथे दरवर्षी भरतो, त्याच्या निमित्ताने या साधनाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आपल्या प्रकारच्या महोत्सवांत हा जगातील सर्वांत दीर्घकाळ चाललेला महोत्सव होय. त्याची व्यवस्था 'फ्रेमलाइन' ही संस्था पाहते.

महोत्सवाचा प्रारंभ १९७७ च्या फेब्रुवारीत झाला. मार्क ह्यूस्टिस, डॅन निकोलेटा आदी तरुणांनी स्वतः चित्रित केलेले लघुपट एकत्र दाखविले. नाव होते 'सुपर-८ चित्रपटांचा गे महोत्सव'. सुपर-८ ही हौशी छायाचित्रकारांच्या आवाक्यातील अरुंद फीत होती. निकोलेटा हे हार्वे मिल्क यांच्या कॅमेऱ्याच्या दुकानात काम करीत. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मिल्क नगरमंडळावर निवडून आले. शेजारपाजारच्या मंडळींचा हा मेळावा पुढे जून महिन्यात भरू लागला आणि १९२२ साली उघडलेले भव्य 'कॅस्ट्रो' चित्रपटगृह त्याचे मुख्य स्थान बनले.

या विस्ताराबरोबर नावही पालटत गेले. 'गे' हा शब्द तत्त्वतः स्त्रीपुरुष दोघांनाही लागू होता. व्यवहारात मात्र त्याने पुरुषाचाच बोध होई. मराठीत 'विद्यार्थी' या पदात विद्यार्थिनी गृहीत धरली जाते, परंतु डोळ्यांपुढे मुलगाच उभा राहतो, तसाच हा प्रकार. नवव्या दशकात 'लेस्बियन' हा शब्द स्वतंत्रपणे नावात आला आणि महोत्सव 'आंतरराष्ट्रीय' झाला. चालू शतकाच्या पहिल्या दशकात 'एलजीबीटी' ही आद्याक्षरे आली, म्हणजे उभयलैंगिक व पारलिंगी व्यक्तींचाही निर्देश झाला. पुढे 'क्यू' हे अक्षर जोडले गेले.

यावरून असा समज होणे स्वाभाविक आहे की, आधी तंटा झाला, मग तडजोड म्हणून नावात शब्द वाढला. ठळक वादांचा कालक्रम पाहता हा समज टिकत नाही. शब्द आधी आला आहे. तंटा नंतर झाला आहे.

पहिला वाद १९८६ चा. 'लेस्बियन' हा शब्द तोवर नावात रुळला होता. रॉक्सी चित्रपटगृहात स्त्रियांसाठी योजलेल्या लघुपटांच्या खेळात कॅनडातील दिग्दर्शिका मिडी ओनोडेरा यांचा 'टेन सेंट्स अ डान्स (पॅरलॅक्स)' हा चित्रपट दाखविण्यात आला. त्याचे भाग तीन : उपाहारगृहात बोलत बसलेल्या दोन स्त्रिया, सार्वजनिक प्रसाधनगृहातील दोन पुरुष आणि दूरध्वनीवरून शृंगारिक संभाषण करणारे स्त्री-पुरुष. दुसरा भाग सुरू होताच प्रेक्षागृहात गोंधळ माजला. अनेक स्त्रिया उठून गेल्या, पैसे परत मागितले गेले. हा निव्वळ अभिरुचीचा प्रश्न होता, असे म्हणता येणार नाही. अशी दृश्ये महोत्सवाला वर्ज्य नव्हती. आक्षेप ती 'या' खेळात असण्याला होता. लेस्बियन चित्रपट कोणता? दिग्दर्शिकेवरून ठरणारा, विषयावरून ठरणारा, की प्रेक्षकवर्गावरून? नावाने शब्द दिला होता. त्याची व्याख्या दिली नव्हती.

दुसरा वाद २००७ चा. कॅथरीन क्राउच यांचा 'द जेंडरकेटर' हा सुमारे पंधरा मिनिटांचा उपहासपट कार्यक्रमपत्रिकेत जाहीर झाला होता. १९७३ साली झोपी गेलेली एक पुरुषी वळणाची तरुणी २०४८ मध्ये जागी होते. त्या काळात अशा स्त्रीला शस्त्रक्रियेने पुरुष होण्याची सक्ती असते, असे त्याचे कथानक. चित्रपट व त्यासंबंधीचे दिग्दर्शिकेचे निवेदन पारलिंगी व्यक्तींविषयी द्वेष पसरविणारे आहे, असा आक्षेप येताच महोत्सवाने तो मागे घेतला. ही मुस्कटदाबी होय, असे प्रतिपक्षाने म्हटले. नावातील एका अक्षराचे धारक दुसऱ्या अक्षराच्या धारकाचे चित्रण कसे करतात, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा येथील मूळ प्रश्न होता.

तिसरा वाद त्याच सुमारास उद्भवला आणि पुढे अनेक वर्षे धुमसत राहिला. इस्रायलच्या वाणिज्य दूतावासाचे साहाय्य महोत्सवाने घेऊ नये, अशी मागणी पॅलेस्टाइनच्या बाजूने उभ्या असलेल्या क्वीअर कार्यकर्त्यांनी केली. उदारपणाचे प्रदर्शन करून लष्करी ताब्यावर रंगसफेदी करण्याच्या या प्रकाराला ते 'पिंकवॉशिंग' म्हणत. उलट बाजूचे म्हणणे असे की, चित्रपटकारांना त्यांच्या शासनाच्या कृत्यांबद्दल शिक्षा होऊ नये. येथे वादाचा विषय आद्याक्षरांपैकी कोणतेही नव्हते. तो 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द होता. हा संबंध राष्ट्रांच्या शासनांशी, की त्या राष्ट्रांतील माणसांशी?

तात्पर्य, नाव हे अशा संस्थेच्या इतिहासात वादाचे फलित नसून वादाचे कारण ठरू शकते. ते एक वचन असते आणि ज्यांना ते दिले गेले, ते त्याची पूर्ती मागतात. तथापि या साधनाची मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. १९८६ साली रॉक्सीमधून उठून गेलेल्या स्त्रीला नेमके काय दुखले, हे नाव सांगत नाही. त्यासाठी तिचीच साक्ष काढली पाहिजे. मुंबईत २०१० साली सुरू झालेल्या 'कशिश' महोत्सवाच्या नावातील प्रमुख पद घटकांची यादी देत नाही. ते केवळ 'आकर्षण' एवढेच म्हणते. अशा नावाखाली कोणती वचने मागितली गेली, याचा शोध आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी घेतल्यास वरील अनुमानाची परीक्षा होईल.