धरमतरचा धक्का आणि मोडेममधली चिप

मागच्या वेळी आपण खाडीकाठच्या जुन्या वाहतुकीबद्दल बोललो होतो. आज त्याच काठावर उभं राहून एका वेगळ्या वाहतुकीचा इतिहास बघू, म्हणजे टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून आलेल्या इंटरनेटचा.

पेणहून अलिबागकडे जाताना धरमतरची खाडी लागते. नागोठण्याकडून येणारी अंबा नदी इथे समुद्राला भिडते. एके काळी मुंबईहून बोटीने यायचं, धरमतरला उतरायचं आणि पुढे महाडकडे सडकेने जायचं, असा कोकणात जाण्याचा रस्ता होता. आजही मोठ्या जहाजांतला माल बार्जमधून इथल्या जेटीवर येतो आणि डोलवीच्या पोलाद कारखान्यात जातो. पाण्यावरची भाषा वेगळी, सडकेची वेगळी. दोघांच्या मध्ये धक्का लागतोच.

मोडेममध्ये हेच काम करणाऱ्या चिपला अ‍ॅनालॉग फ्रंट एंड म्हणतात. तारेवर येतो तो सतत चढउतार होणारा विजेचा दाब. संगणकाला कळतात फक्त आकडे. ही चिप त्या दोघांमधला धक्का आहे.

आता थोडं मागे जाऊ. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज आलं 1882 मध्ये. तेव्हापासून तार टाकली ती बोलण्यासाठी. माणसाचं बोलणं कळायला साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढा पट्टा पुरतो, म्हणून एक्स्चेंजमधली यंत्रणा तेवढंच पुढे जाऊ देत असे. 15 ऑगस्ट 1995 ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, तेव्हा डायल-अप मोडेमना याच अरुंद पट्ट्यात घुसावं लागलं. तो किर्र-खर्र आवाज तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल.

पण तांब्याची तार स्वतः एवढी अरुंद नव्हती. अमेरिकेत बेलकोर संस्थेतल्या जोसेफ लेकलायडर यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस एक गोष्ट मांडली: घरी येणारा प्रवाह मोठा आणि घरातून जाणारा लहान ठेवला, तर त्याच तारेतून खूप काही नेता येईल. स्टॅनफर्डचे जॉन चॉफी यांनी तारेचा पट्टा बारीक बारीक वाटांत विभागण्याच्या पद्धतीचा पाठपुरावा केला. 1999 च्या आंतरराष्ट्रीय मानकात 4.3125 किलोहर्ट्झ अंतराच्या 256 वाटा ठरल्या. त्या 1,104 किलोहर्ट्झपर्यंत जातात. बोलणं मात्र खाली, 4 किलोहर्ट्झच्या आत, तसंच राहतं. म्हणून फोन आणि इंटरनेट एकाच वेळी चालतात. आपल्याकडे 2004 च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान 256 किलोबिट वेग ठरवला आणि जानेवारी 2005 पासून बीएसएनएल, एमटीएनएलची सेवा तारेवरून घराघरांत जाऊ लागली.

आता खरी अडचण बघा. एक्स्चेंजमधून सिग्नल निघतो तेव्हा साधारण 3 व्होल्टचा असतो. तार चार-पाच किलोमीटर लांब असली, तर तो 60 डेसिबलने घटू शकतो, म्हणजे दाब हजारावा भाग होतो. उरले 3 मिलिव्होल्ट. आणि त्याच तारेवर तुमचा मोडेम स्वतः व्होल्टभर सिग्नल पाठवत असतो! शेजारी ढोल वाजत असताना पलीकडच्या काठावरची हाक ऐकावी, तसं हे आहे.

चिप आणि तिच्या सोबतीचे भाग हे कसं निभावतात? पहिल्यांदा हायब्रिड नावाचं सर्किट आपलाच पाठवलेला सिग्नल जमेल तेवढा वजा करतं. मग फिल्टर नको ते पट्टे अडवतो. मग अ‍ॅम्प्लिफायर आलेला सिग्नल वाढवतो, तोही गरजेपुरता. तरता धक्का भरती-ओहोटीबरोबर वरखाली होतो, त्यामुळे बोटीतून उतरताना पायरी तेवढीच राहते. हा अ‍ॅम्प्लिफायरही तसाच: तार जवळची असो की लांबची, पुढच्या भागाला सिग्नल सारख्या उंचीवर मिळतो. शेवटी कन्व्हर्टर सेकंदाला लाखो वेळा तो दाब मोजून आकडा देतो. 14 बिटचा असेल तर 16,384 पायऱ्यांची मोजपट्टी. पाठवताना हाच प्रवास उलटा, आणि शेवटी तारेला रेटा देणारा लाइन ड्रायव्हर.

आता तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी संबंध काय? आहे. खाडीकाठची हवा खारी. तांब्याच्या जोडावर हिरवा गंज चढतो, पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरतं, तारेवर खरखर वाढते. काही वाटांवर मग कमी बिट बसतात, काही बंदच पडतात. वेग उतरतो, आणि दोष मात्र मोडेमवर येतो.

पण हाच मोडेम तारेची मोजणी करत असतो. त्याच्या पानावर दोन आकडे दिसतात: लाइन अटेन्युएशन, म्हणजे वाटेत किती घट झाली, आणि नॉइज मार्जिन, म्हणजे खरखरीच्या वर किती जागा शिल्लक आहे. हे मार्जिन 6 डेसिबलच्या खाली गेलं की लाइन तुटू शकते. घट तेवढीच आणि पावसात मार्जिन कोसळलं, तर आधी जोड तपासायला हवा. घट पहिल्यापासूनच मोठी असेल, तर अंतराचं दुखणं आहे, नवा मोडेम आणून फरक पडणार नाही.

आमच्या मते या चिपचं इतिहासातलं मोल इथे आहे. शंभरहून अधिक वर्षं तार कशी आहे हे फक्त तार टाकणाऱ्यालाच कळत होतं. ते मोजण्याचं साधन पहिल्यांदा ग्राहकाच्या घरात आलं. किती जणांनी ते पान उघडून बघितलं, हा प्रश्न वेगळा.

आता तांबं जाऊन काचेची तार येते आहे. तिथे प्रकाश मोजावा लागतो, पण धक्का तिथेही लागतोच. घरी जुना मोडेम पडला असेल तर भंगारात देण्याआधी एकदा उघडून बघा. टेलिफोनची तार जिथे आत शिरते, त्याच्या जवळच ती चिप सापडेल.

आता प्रश्न घेऊ.