भिवंडीच्या मोहल्ल्यातला शिपाई

आमच्या अक्कलकोटसारख्या तालुक्याच्या गावी शांतता समिती ठाऊक असते ती गणपती-मोहरमपुरती. सण सरला की समितीही सरते. म्हणून आम्हांला भिवंडी आठवते.

यंत्रमागांच्या त्या गावाने 1970 आणि 1984 च्या भीषण दंगली सोसल्या होत्या. 1988 मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी तेथे सुमारे 70 मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांना बाजूस ठेवून सामान्य हिंदू-मुसलमान घेतले आणि प्रमुखपद दिले बीटवरच्या साध्या शिपायाला! खरी मेख हीच, असे आम्हांस वाटते. एरवी दंगलीतच काठी घेऊन दिसणारा माणूस आता मोहल्ल्याची लहानसहान भांडणे मिटवायला बसू लागला. त्याला घरे कळली, घरांना त्याचे नाव कळले. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळाली. भिवंडी शांत राहिली.

सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो यांच्या पुढाकाराने 1994 मध्ये मुंबईतही अशा कमिट्या निघाल्या. भिवंडीतल्या मात्र पुढे नावापुरत्या उरल्या. जुलै 2006 मध्ये कब्रस्तानालगतच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून तेथे गोळीबार झाला, दोघे मेले. त्याच रात्री जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. तेही शिपाईच होते.