आव्हेंटाइन टेकडीवरील योद्धा-संन्याशांची मिळकत

रोम शहरास इ. स. २७१ मध्यें ऑरेलियन बादशहानें जो तट घालण्यास आरंभ केला, त्याच्या आंत, टायबर नदीच्या कांठीं आव्हेंटाइन टेकडी आहे. तिच्यावर दहाव्या शतकांत बेनेडिक्टीय संन्याशांचा मठ होता. पुढें तो टेंपलर या शस्त्रधारी संप्रदायाकडे आला. पोप पांचवा क्लेमेंट यानें २२ मार्च १३१२ रोजीं आज्ञापत्रानें हा संप्रदाय मोडला, आणि २ मे रोजीं दुसरें आज्ञापत्र काढून त्याची मिळकत (स्पेन व पोर्तुगाल येथील वगळून) सेंट जॉनच्या संप्रदायास दिली. तरवार बाळगणाऱ्यांची ही जागा अशी नुसत्या लेखानें दुसऱ्या हातीं गेली!

तेथील चर्चच्या दर्शनी भिंतीवर तरवारी कोरलेल्या आहेत. त्या टेंपलरांच्या समजणें भ्रामक होय. पोप तेरावा क्लेमेंट याचा पुतण्या, संप्रदायाचा प्रायर रेझोनिको याच्या सांगण्यावरून पिरानेसी या शिल्पज्ञानें १७६४ ते १७६६ मध्यें चर्चला हें रूप दिलें. दगड अठराव्या शतकाचा, हक्क चौदाव्याचा. मालकीचा काळ ठरवितांना आज्ञापत्रच प्रमाण धरलें पाहिजे.

१७९८ मध्यें नेपोलियननें माल्टा बेट घेतलें; १८३४ मध्यें संप्रदायाचें मुख्य ठाणें रोमला आलें. टेकडीवरील मिळकत आजहि त्याचीच आहे. पिरानेसीची समाधि त्याच चर्चमध्यें आहे.