रासायनिक चमत्कार प्रयोग

रासायनिक चमत्कार प्रयोग ही जादूसारख्या भासणाऱ्या अभिक्रिया प्रथम दाखवून नंतर त्यांमागील कारण उलगडण्याची अध्यापनपद्धती होय. महाराष्ट्रात १९८९ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने असे प्रयोग प्रबोधनासाठी वापरले.

== प्रमुख प्रयोग ==

* मंत्राने अग्नी पेटवणे: समिधांमध्ये ठेवलेल्या पोटॅशियम परमँगनेटच्या चूर्णावर तूप म्हणून ग्लिसरीन ओततात. ग्लिसरीनचे ऑक्सिडीकरण होऊन उष्णता निर्माण होते आणि काही वेळाने ज्वाळा उठते. मधला अवधी मंत्रोच्चारात जातो.
* हळदीचे ‘रक्त’: हळदीतील कर्क्युमिन आम्लारीच्या सान्निध्यात तांबडे होते. त्यामुळे हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी घालताच ते तांबडे दिसते. लिंबाचा रस पिळल्यास पुन्हा पिवळे होते.

== शैक्षणिक उपयोग ==

पहिल्या प्रयोगातून उष्मादायी अभिक्रिया, तर दुसऱ्यातून नैसर्गिक दर्शक ही संकल्पना शिकवता येते. कारण सांगण्यापूर्वी विद्यार्थ्यांना तर्क करू देणे आणि शेवटी गुपित उघड करणे आवश्यक असते. अन्यथा प्रयोग केवळ करमणूक ठरतो किंवा चमत्कारावरील विश्वासच दृढ करतो. अग्नीचा प्रयोग शिक्षकाने स्वतः, अत्यल्प प्रमाणात व सुरक्षित अंतर राखून करावा लागतो.