डहाणूची थंडी: रुळांच्या अलीकडे, रुळांच्या पलीकडे

डिसेंबर आला की प्रत्येक ग्रुपवर एकच मेसेज फिरतो: 'कुठं जायचं?' मग अलिबागची नावं निघतात, गोव्याचे भाव बघून गप्प बसायची वेळ येते आणि शेवटी प्लॅन बारगळतो. आज मी तुम्हाला उलट्या दिशेला नेणार आहे. कोकणाच्या उत्तर टोकाला, गुजरातच्या अगदी तोंडाशी. डहाणू आणि त्याला लागून असलेलं घोलवड-बोर्डी. पॉडकास्ट इतिहासाचा आहे, त्यामुळे प्लॅन सांगता सांगता इतिहासही येणारच. तेव्हा हेडफोन लावा.

जायचं कसं? लोकलने. १६ एप्रिल २०१३ पासून विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल धावते. चर्चगेटपासून अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. स्टेशनचं नाव मात्र नुसतं 'डहाणू' नाही, 'डहाणू रोड' आहे. कारण मूळ गाव खाडीकाठी, समुद्राच्या बाजूला. मुंबईहून सुरतेकडे जाणारा हा लोहमार्ग १८६४ मध्ये पूर्ण झाला आणि तो गावाच्या थोडा पूर्वेकडून गेला. ही रुळांची रेघ लक्षात ठेवा. आजची सगळी गोष्ट हिच्या दोन बाजूंना घडते.

आधी पश्चिमेला वळू, कारण रिसॉर्ट तिकडे आहेत. बोर्डीचा लांबच लांब किनारा, सुरूची झाडं, ओहोटीला दूरवर गेलेलं पाणी. आणि किनाऱ्यालगत चिकूच्या वाड्या. इथल्या चिकूला २०१६ मध्ये 'डहाणू-घोलवड चिकू' म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं. गंमत बघा, हे फळ मूळचं मध्य अमेरिकेतलं! आणि ज्यांनी इथं मोठमोठ्या वाड्या उभ्या केल्या, त्यांतले बरेच जणही बाहेरूनच आले होते. इराणमधल्या छळाला आणि गरिबीला कंटाळून एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात जे झरतुष्ट्री इकडे आले, ते आपले 'इराणी'. काहींनी मुंबईत चहाची हॉटेलं काढली, काहींनी इथं बागा लावल्या.

त्यांच्याही कितीतरी आधी पारशी आले होते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेलं 'किस्सा-ए-संजान' हे फारसी काव्य सांगतं की संजान पडल्यावर पारशांनी आपला पवित्र अग्नी घेऊन बहारोटच्या डोंगरात बारा वर्षं काढली. बोर्डीहून ही लेणी जवळ आहेत. थंडीत सकाळी लवकर निघालात तर चढण सोपी जाते. परक्या मुलखात आसरा मिळालेल्या माणसांची ही गोष्ट ऐकायला छान वाटते, आणि ती खरीही आहे.

पण आता रूळ ओलांडूया.

पूर्वेला डोंगर आणि वारल्यांचे पाडे. वारली इथले जुने रहिवासी. पण इंग्रजी अमलात जमिनी सावकार-जमीनदारांच्या नावावर गेल्या आणि वारली आपल्याच रानात कुळं झाले. हे जमीनदार एका कुठल्या समाजाचे नव्हते, त्यांत सगळ्या प्रकारचे लोक होते. कुळांना 'वेठ' करावी लागे, म्हणजे मालकाच्या शेतात, बागेत, घरी फुकट राबायचं. आणि त्याहून वाईट होती 'लग्नगडी' पद्धत. लग्नासाठी मालकाकडून थोडं कर्ज घ्यायचं आणि ते फिटेपर्यंत नवराबायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं. ते फिटायचंच नाही. एका लग्नापायी माणूस जन्मभर गहाण!

हे मोडलं १९४५ साली. गोदावरी परुळेकर, पुण्याच्या, कायद्याचं शिक्षण घेतलेल्या, आणि त्यांचे पती शामराव हे किसान सभेचं काम करत होते. जानेवारीत टिटवाळ्याला परिषद झाली, तिथं काही वारलीही पोचले. मग २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले आणि ठरलं: वेठ करायची नाही, आणि रोजाचे बारा आणे मिळाल्याशिवाय कामावर जायचं नाही. लग्नगडी सोडवले गेले. बाहेरून बघणाऱ्याला ही साधी मजुरीची मागणी वाटेल. पण मालकासमोर मान वर करायची सवय नसलेल्या माणसांनी ती केली होती.

पावसाळा संपला आणि गवतकापणीचा संप सुरू झाला. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण ठार झाले, त्यांत जेठ्या गांगड होता. परुळेकरांना जिल्ह्यातून हद्दपार केलं गेलं. लढा तरी थांबला नाही, आणि वेठ परत आली नाही. गोदावरीबाईंनी पुढे हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलं. ट्रिपला निघताना ते बॅगेत टाका.

आता एक गोष्ट, जी माझ्या डोक्यातून जात नाही. वारली चित्रं तुम्ही कुर्त्यांवर, कपांवर, स्टेशनच्या भिंतींवर पाहिली असतील. त्यांचं मूळ कशात आहे? लग्नात. लग्नाच्या वेळी घरातल्या सवाष्णी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने 'चौक' लिहितात, मधोमध पालघट देवी. म्हणजे ज्या लग्नापायी माणूस गहाण पडायचा, त्याच लग्नातून ही कला आली. ज्या घरात कर्जाचा हिशेब कधी संपत नव्हता, त्याच घराच्या भिंतीवर बायका चौक लिहीत राहिल्या. पुढे डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी हे चित्र लग्नाबाहेर, कागदावर आणि जगभर नेलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले.

मुंबईच्या एवढं जवळ असून हा तालुका अजून हिरवा कसा? २० जून १९९१ च्या अधिसूचनेने केंद्राने डहाणू पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला आणि मोठ्या उद्योगांवर बंधनं आली. तरी इथं औष्णिक वीजकेंद्र झालंच. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण बसलं. त्याने १९९८ मध्ये वाढवणच्या बंदराला नकार दिला. पुढे २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी भूमिपूजन झालं. खर्च सुमारे ७६ हजार कोटी. सरकार रोजगाराचं सांगतं, मच्छीमार विचारतात की आमच्या जाळ्यांचं काय. ही गोष्ट अजून चालू आहे, आणि तुम्ही तिच्या मधल्या पानावर तिथं जाणार आहात.

तर प्लॅन असा करा. पहिला दिवस पश्चिमेचा: किनारा, चिकू, सूर्यास्त, अगदी निवांत. दुसरा दिवस पूर्वेचा: सकाळी बहारोट, मग एखादा पाडा. चित्र घ्यायचं असेल तर काढणाऱ्याच्या हातून घ्या आणि भावात घासाघीस करू नका. बारा आण्यांसाठी इथं माणसं मेली आहेत.

परतीच्या लोकलमध्ये खिडकी मिळाली तर दोन्ही बाजूंना बघा. भेटू पुढच्या भागात!