कमरेखालचा खड्डा

धार आणि देवासच्या मराठी घरांत गादी विकत आणत नसत, भरून घेत. कापूस बाजारातून तोलून आणलेला, खोळ मांजरपाटाची किंवा पट्ट्यापट्ट्यांच्या जाड कापडाची आणि मेहनत पिंजाऱ्याची. गादीच्या पोटात काय आहे हे घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक असे, कारण सगळे अंगणात डोळ्यांदेखत घडे. त्यामुळे सकाळी कोणी कंबर धरून उठले, तर दोष कुठे शोधायचा हेही ठाऊक असे. माझ्या आजीच्या तोंडी ‘पाठ दुखते’ यानंतरचे वाक्य ठरलेले होते: ‘पिंजाऱ्याला बोलवा.’ वैद्याचा नंबर त्यानंतर.

आम्ही देवासचे, धाकट्या पातीतले. १८व्या शतकात तुकोजी आणि जिवाजी या पवार भावांनी एकाच गावात दोन राज्ये थाटली. थोरली पाती नि धाकटी पाती, दोन्हींचे दरबार वेगळे, कारभार वेगळे. दरबारांत मानापमान चालत, पण खांद्यावर कमान टाकून फिरणारा पिंजारी रस्ता ओलांडून एका संस्थानातून दुसऱ्यात जाई आणि दोन्हीकडच्या गाद्या सारख्याच फोडी. धारची पवारांची शाखा निराळी, तिथला पिंजारीही निराळा, पण काम तेच. १९४८ साली तिन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. पिंजाऱ्याच्या धंद्याला त्याने काही फरक पडला नाही. तो पडला तो पुढे.

माळव्यातले बहुतेक पिंजारी स्वतःला मन्सूरी म्हणवतात. इ.स. ९२२मध्ये बगदादला देहदंड झालेला सूफी मन्सूर अल-हल्लाज याच्याशी ते आपले नाते जोडतात. हल्लाज म्हणजे अरबीत कापूस पिंजणाराच. त्यांची ती कमान हिंदुस्थानात मुसलमानांबरोबर आली, असे इतिहासकार इरफान हबीब यांनी मांडले. विजया रामस्वामींनी दक्षिणेतले जुने दाखले देऊन त्यावर हरकत घेतली. या वादाचा निकाल लागेपर्यंत माझ्या कमरेला थांबायला वेळ नाही, म्हणून तो तसाच ठेवते.

कमान पुरुषभर उंच, तिला आतड्याची तात. ती छताला किंवा खांद्याला टांगायची, तात कापसाच्या ढिगात बुडवायची आणि लाकडी ठोकळ्याने तिच्यावर टोला द्यायचा. तातीच्या थरथरीने दबलेल्या रुईच्या गाठी सुटतात, कचरा खाली गळतो आणि रुई फुलून वर येते. गल्लीत शिरताना पिंजारी तात नुसती छेडायचा. त्या आवाजावर बायका दारात यायच्या. वेगळी आरोळी द्यावी लागत नसे.

आमच्याकडे येणाऱ्या चाचांची तपासणीची रीत मला अजून बिनतोड वाटते. ते आल्याबरोबर गादी फोडत नसत. आधी ती पलंगावरून काढून जमिनीवर अंथरायला सांगत आणि ज्याची पाठ दुखते त्याने दोन रात्री तिथेच झोपावे, असे म्हणत. दुखणे थांबले तर गादी निर्दोष: ‘बाईसाब, पलंग झोल खा गया है.’ मग नवार सोडून, ताणून पुन्हा विणायची. आमचा शिसवी पलंग नवारीचा होता आणि नवार वर्षभरात सैल पडतेच. जमिनीवरही दुखले तर मात्र गादीची पाळी. चाचा तळहाताने ती डोक्यापासून पायापर्यंत दाबत जात. खड्डा जवळजवळ नेहमी कमरेखाली सापडे, कारण माणसाचे सगळ्यांत जास्त वजन तिथेच पडते. खड्ड्याच्या कडेला रुईचा बांध तयार झालेला असे. कंबर खाली, बरगड्या वर, आणि मधली पाठ रात्रभर अधांतरी.

पहिला उपाय फुकटचा: उशाकडची बाजू पायथ्याला, खालची वर आणि दिवसभर कडक ऊन. तेवढ्याने भागले नाही तर खोळ उसवून सगळी रुई बाहेर काढायची, पिंजायची आणि पुन्हा भरायची. भरताना चाचा विचारत, झोपणारा कुशीवर झोपतो की उताणा, अंगाने भारी की हलका. आमच्या अण्णांच्या गादीत मधल्या पट्ट्यात दोन मुठी जास्त रुई जाई, आईच्या गादीत सगळीकडे सारखी. शेवटी दाभणाने आरपार टाके. टाके फार जवळ पडले तर गादी फळीसारखी होते, फार लांब पडले तर रुई सरकते. मोजपट्टी न वापरता ते अंतर बरोबर साधणे हीच खरी कारागिरी.

दोन ठिकाणी गादीला मज्जाव होता. बाळंतिणीला विणलेली बाज लागे, कारण खालून ओवा-शेपांची धुरी आणि शेगडीची ऊब पाठीला पोचली पाहिजे. दुसरा बाजीराव १७७५च्या जानेवारीत धारच्या किल्ल्यात जन्मला. माळव्यातल्या त्या थंडीत त्याच्या आईच्या, आनंदीबाईंच्या बाजेखालीही शेगडी असणार, असे मला आपले वाटते. आणि मेलेल्या माणसाची गादी घरात राहत नसे. दिवसकार्यात शय्यादान व्हायचे, पलंग-गादी-उशीसकट.

गादी टिकण्यात हवेचाही वाटा होता. कोकणात पावसाळ्यानंतर कापसाची गादी ओलसर गोळा होऊन बसते. माळव्याची हवा कोरडी. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस होता. राजवाड्यातले पियानो या कोरडेपणाने तडकल्याचे त्याने ‘द हिल ऑफ देवी’त लिहिले आहे. पियानोला जी हवा सोसली नाही, तिच्याचसाठी १९४८ साली कुमार गंधर्व क्षयाच्या दुखण्यात देवासला आले आणि काही वर्षे अंथरुणाला खिळून माळव्याची लोकगीते ऐकत राहिले.

त्याच हवेत पिंजाऱ्याची फुप्फुसे मात्र खराब होत. रुईची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की दम लागतो, खोकला बसतो. गिरणी कामगारांच्या या रोगाला डॉक्टर बिसिनोसिस म्हणतात. चाचा नाकाला फडके बांधत. फडक्याने किती अडत असेल! त्यांच्या मुलांनी कमान उचलली नाही, याबद्दल गळा काढणाऱ्यांनी एक दिवस त्या धुळीत बसून पाहावे.

धंदा बुडायचे दुसरे कारण शेतात होते. माळव्याचा देशी कापूस आखूड आणि जाड धाग्याचा. गिरण्यांना तो नको असायचा. इंदूरला १९२४मध्ये कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांच्या पुढाकाराने इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री निघाली, तीही मुख्यतः कापूस सुधारण्यासाठी. गादीला मात्र तो जाड धागाच मानवतो: दबतो आणि पुन्हा उभा राहतो. लांब, मऊ धागा एकमेकांत गुंतून लवकर बसतो. १९७०नंतर देवासच्या काळ्या जमिनीत सोयाबीन आले आणि कापूस मागे हटला. २००२मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, तेव्हा उरलेल्या शेतांतूनही देशी वाण गेले. धार जिल्ह्यात विंध्याच्या खाली, मनावर-कुक्षीकडे आजही कापूस पिकतो, पण तो गिरणीचा. गादीवाल्याच्या पोत्यात आता बरेचदा गिरणीची टाकाऊ रुई असते. मूठभर ओढून पाहा: धागा न निघता भुगा हातात आला, तर ती गादी वर्षभरात बसणार.

त्या पोकळीत फोम शिरला. डनलॉपने १९२९ साली रबराच्या चिकाचा फोम बनवला आणि आपल्याकडे कुठलीही मऊ गादी ‘डनलॉपची’ झाली. मीही एका मोठ्या दुकानातून दहा वर्षांच्या हमीची गादी आणली. तिसऱ्या वर्षी खड्डा पडला, बरोबर कमरेखाली. हमीपत्र काढले तर खड्डा अमुक इंचांहून खोल असेल तरच तो खड्डा! माझा अर्ध्या इंचाने कमी भरला. उसवून भरायची सोय त्या गादीत नाहीच.

‘फळीवर झोपा’ हा सल्लाही पुष्कळांनी दिला. २००३मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक प्रयोग छापून आला. जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांपैकी काहींना कडक, काहींना मध्यम कडक गादी ९० दिवस दिली. मध्यम कडक गादीवाल्यांना जास्त आराम पडला. चांगल्या रुईची, नीट पिंजलेली, बेताच्या टाक्यांची गादी हाताला साधारण तशीच लागते, असा माझा अनुभव. तो प्रयोग कापसाच्या गादीवर झाला नव्हता, हेही सांगून टाकते.

तेव्हा माळ्यावर आजी-आजोबांची गादी पडली असेल तर ती भंगारवाल्याला देऊ नका. आतली जुनी देशी रुई आता पैसे मोजूनही सहज मिळत नाही. नवरात्राआधीच्या उन्हात ती काढा आणि यंत्रावर का होईना, पिंजून घ्या. वजन आधी आणि नंतर करा, भरताना समोर बसा आणि कमरेखालच्या पट्ट्यात दोन मुठी जास्त टाकायला सांगा. त्याआधी दोन रात्री जमिनीवर झोपून पाहायला मात्र विसरू नका. दोष पलंगाचा निघाला तर पिंजणावळ वाचेल.